पाच वेळा कोण भरवणार?

कुपोषणाची बातमी आपल्याकडे पावसाळ्यात येते. मेळघाट, जव्हार, मोखाडा, धडगाव ही नावं मथळ्यांत दिसू लागतात, कुणा मंत्र्याचा दौरा होतो, उच्च न्यायालय सरकारला खडसावतं आणि गणपती उठले की विषय मागे पडतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली, पाठोपाठ मेळघाटातल्या मृत्यूंनी राज्य हादरलं, आणि तेव्हापासून हा क्रम फारसा बदललेला नाही. मृत्यूची बातमी व्हायलाच हवी. पण तिच्यामुळे एक समजूत घट्ट बसली, की कुपोषण हे डोंगरातल्या चार-सहा तालुक्यांचं दुखणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी वेगळंच सांगते. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ३६.१ टक्के निघाला. म्हणजे तीन मुलांमागे एकाहून थोडं जास्त. एवढी मुलं काही सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या कडेकपारीत राहत नाहीत. ती तालुक्याच्या गावी आहेत, शहरांच्या झोपडपट्ट्यांत आहेत आणि महिन्याला बऱ्यापैकी पगार येणाऱ्या घरांतही आहेत. त्यांतली बहुतेक जगतात, म्हणून बातमीत येत नाहीत. ती वरचेवर आजारी पडतात, उंचीला मागे राहतात, आणि घरचे म्हणतात, आमच्याकडे सगळ्यांची चणच लहान.

हे असंच चालायचं, असं मात्र नाही. मधल्या काळात महाराष्ट्राने खरोखर मजल मारली होती. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. पोषणासाठी असं स्वतंत्र मिशन काढणारं हे देशातलं पहिलं राज्य. पाहणीच्या भाषेत ज्याला खुजेपणा म्हणतात, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, तो दोन वर्षांखालच्या मुलांत २००५-०६ साली ३९ टक्के होता आणि २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत २३ टक्क्यांवर आला. सहा-सात वर्षांत एवढी घट जगातही फार ठिकाणी दिसत नाही. तिचं सगळं श्रेय मिशनला देणं धाडसाचं होईल. त्याच वर्षांत दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, मुलींची लग्नं थोडी उशिरा होऊ लागली, रस्ते आणि रोजगार पोचले. पण पुढे चाक रुतलं. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात वजनाचा आकडा हलला नाही, आणि खुजेपणा ३४ टक्क्यांवरून ३५ वर सरकला. ज्या गोष्टी दवाखान्यात किंवा शिबिरात एकदा करून भागतात, लस, बाळंतपण, जंतनाशक गोळी, त्या आपण बऱ्यापैकी साधल्या. जी गोष्ट घरात रोज आणि दिवसातून अनेकदा करावी लागते ती साधली नाही. सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या ज्या मुलांना पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचं अन्न मिळतं, त्यांचं प्रमाण २०१९-२१ मध्ये देशात अकरा टक्क्यांच्या आसपास होतं आणि आपल्या राज्यात त्याहूनही कमी. कुपोषणावरच्या भाषणांत हा आकडा क्वचितच ऐकू येतो.

माझं म्हणणं असं की सगळं अडलंय ते इथे. या वयाच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा, घट्ट, तेला-तुपाचा हात लागलेलं अन्न शेजारी बसून भरवणारं माणूस घरात लागतं. त्या माणसाच्या वेळेची तजवीज आपल्या योजनांनी जवळपास केलेलीच नाही. अन्न पुरवणं, आईला शिकवणं आणि मुलाला तोलणं या तीन खांबांवर आपलं सगळं पोषणकार्य उभं आहे. तिन्ही गरजेचे आहेत. चौथ्याशिवाय ते तोकडे पडतात.

आधी वाटीकडे नीट पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, आईचं दूध चालू असलेल्या मुलाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी पाव लिटरच्या आतच मावतं. आता आपल्या घरोघरी पहिलं अन्न म्हणून जे मान्यता पावलंय ते डाळीचं पाणी घ्या. वरण निवलं की वरचं पिवळं पाणी नितळून घ्यायचं, त्यात चिमूटभर मीठ घालायचं आणि चमच्याने पाजायचं. दीडशे ग्रॅमच्या वाटीत तीसेक कॅलरी आल्या तरी पुष्कळ. डाळ तळाशी राहते, ती मोठ्यांच्या ताटात जाते. दहा महिन्यांच्या मुलाची गरज या पाण्यावर भागवायची तर दिवसाला दहा वाट्या पाजाव्या लागतील. तीच वाटी मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजवून, घोटून, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतक्या घट्ट खिमटाची भरली, वर चमचाभर तेल किंवा तूप आणि दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट घातलं, तर ती अंदाजे अडीचशे कॅलरींवर जाते. यात विकत आणण्यासारखं नवीन काही नाही. तांदूळ रेशनचा, डाळ आणि कूट घरचं, तेल रोजच्या फोडणीतलं. शेवग्याचा पाला, मुठीतला जवळा, नाचणीचं सत्त्व, जिथे खातात तिथे अंडं, हे सगळं त्यावर.

डाळीच्या पाण्यावरचा विश्वास मूर्खपणातून आलेला नाही. लहान मुलाला पचणार नाही, घशात अडकेल, पोट बिघडेल, ही भीती आहे, आणि ज्या घराने जुलाबात मूल गमावलेलं पाहिलं तिथे ती असणारच. ती भीती आजीच्या तोंडून बोलते, डॉक्टरही कधी कधी तीच री ओढतात. दुसरीकडे चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाच रुपयांचा चटकदार पुडा कसलीही शंका न घेता मुलाच्या हातात जातो, कारण तो त्याला गप्प बसवतो. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही आणि बिस्किटाने भूक मरते. याबद्दल आईला दोष देण्याआधी एवढं पाहावं की पुडा उघडायला दहा सेकंद लागतात आणि वाटीभर खिमट भरवायला अर्धा तास.

तो अर्धा तास हाच खरा हिशेब. आपल्या बहुतेक कष्टकरी घरांत चूल दोनदा पेटते, पहाटे आणि तिन्हीसांजेला. मोठी माणसं दोनदा पोटभर खातात आणि त्यांचं भागतं. सव्वा वर्षाच्या मुलाचं पोट एवढंसं, त्यामुळे ते दोनदा कितीही खाल्लं तरी कमीच पडतं. त्याला मधल्या वेळी, सकाळी दहाला, दुपारी एकला, चारला कोणीतरी खाऊ घातलं पाहिजे. त्या वेळी आई रानात किंवा कामावर असते. घरात आजी असेल तर तिला दिसत नाही किंवा कंबर धरलेली असते, नाहीतर सात वर्षांची बहीण असते आणि तिच्या कडेवर ते मूल. भाकरीचा तुकडा हातात देऊन ठेवला की अर्धा कोंबड्या खातात. वाढीच्या तक्त्यावरची रेघ नेमकी याच वयात खाली झुकते. पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर मूल बरं वाढतं, आणि उष्टावणानंतर मागे पडू लागतं. उष्टावणाचा समारंभ थाटात होतो, खिरीचं बोट लागतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला घरातल्या दोन वेळच्या जेवणात बसवलं जातं.

घरातल्या घरात हे बदलता येतं का, याचं बरंच बोलकं उत्तर व्हिएतनाममध्ये मिळालं. १९९०च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य ‘सेव्ह द चिल्ड्रेन’च्या कामासाठी तिथे गेलं. सरकारने सहा महिन्यांची मुदत दिली आणि हाताशी पैसा जवळपास नव्हता. त्यांनी थान्ह होआ प्रांतातल्या गावांत गावकऱ्यांकडूनच मुलांची वजनं करवून घेतली आणि एकच प्रश्न विचारला: अतिशय गरीब घरांत धडधाकट मूल आहे का? होती. त्या घरांतल्या आया भातखाचरातले बारके खेकडे आणि कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत. गावाच्या मते हे मुलांना देण्याजोगं अन्नच नव्हतं. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. इतर घरांत मूल दोनदा जेवे आणि या घरांत चार-पाच वेळा, कारण शेतावर जाताना आई-बाप कुणाला तरी सांगून जात, अमुक वेळी एवढं भरव. तांदूळ तेवढाच होता, वाटला वेगळा जात होता. मग आयांना रोज एकत्र बसवून शिजवायला आणि भरवायला लावलं, आणि येताना मूठभर कोळंबी किंवा पाला आणायचा ही अट घातली. पुढे ही पद्धत बऱ्याच देशांत गेली आणि सगळीकडे तिथल्याएवढा गुण आला नाही. यात नवल नाही. पद्धत उचलणाऱ्यांनी पाककृती उचलली आणि भरवण्याची व्यवस्था मागे राहिली.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केलं. तिथे आरोग्याची कामं गावाने निवडलेल्या बायकांनी केली, त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या. आठवड्याला प्रशिक्षण घ्यायचं आणि गावात परतून मुलं तोलायची, घरोघर जायचं. गावातल्याच बाईने सासूसमोर सांगितलेली गोष्ट आणि जीपमधून उतरलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट यांत फरक पडतो. जामखेडने आणखी एक केलं, पुरुषांची शेतकरी मंडळं बांधली आणि पोषणाचा विषय त्यांच्यापुढेही मांडला. कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत तिथे खूप खाली आलं. पाणी, शेती आणि लसीकरण यांचाही त्यात वाटा होता, पण घरातलं वाटप आणि मुलाची वाटी हा गावातल्या बोलण्याचा विषय झाला नसता तर वाढलेलं धान्य थेट मुलाच्या तोंडी गेलंच असतं असं नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार: हे सगळं गरिबीमुळे आहे, पैसे द्या, उपदेश पुरे. मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात ४६ टक्के मुलं खुजी होती आणि सर्वांत सधन हिश्श्यात २३ टक्के. गरिबीने प्रमाण दुप्पट होतं, हे निर्विवाद. पण सधन घरांतलं २३ टक्के कुठून आलं? तिथे डाळ आहे, तूप आहे, फ्रिज आहे. तिथेही मूल दोनदाच जेवतं किंवा दूध-बिस्किटावर राहतं. पैसा हवाच, दूध, अंडी आणि फळं पैशानेच येतात. फक्त, पैसा आल्यावर तो आपोआप मुलाच्या वाटीत उतरतो हे गृहीत धरता येत नाही.

अंड्याचीच गोष्ट घ्या, कारण अंगणवाडीत अंडं द्यावं की नाही यावर आपल्याकडे धर्मयुद्ध चालतं. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांना सहा महिने रोज एक अंडं दिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: खुजेपणाचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं. मग मलावीत तोच प्रयोग केला आणि उंचीत फरक दिसला नाही; तिथल्या सरोवराकाठच्या मुलांच्या खाण्यात मासे आधीपासून होते. म्हणजे अंडं हे जादूचं औषध नव्हे. पण जिथे भात-भाकरीपलीकडे मुलाला फारसं काही मिळत नाही, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तेच चित्र आहे, तिथे अंड्याचा फरक पडण्याला चांगला आधार आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी आणि न खाणाऱ्यांना केळी दिली जातात. ही सोय नुसती त्या भागापुरती का, याचं पटेल असं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

दुसरा आक्षेप अस्सल मराठी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहून पुण्यात परतलेले मोठे संख्याशास्त्रज्ञ, यांनी मांडलं होतं की माणसाचं शरीर कमी-जास्त अन्नाशी जुळवून घेतं, त्यामुळे ठरावीक कॅलरींखालचा प्रत्येक जण उपाशी समजणं चूक. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा यावरून जाहीर वाद झाला. ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना त्याच काळात अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी मांडली आणि आहारशास्त्रज्ञ गोपालन तिच्यावर तुटून पडले. आज तोच सूर ‘भारतीयांची जनुकंच वेगळी’ असा निघतो. त्याला उत्तर मिळालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते सहा देशांतली मुलं मोजून केले आहेत, आणि त्यांत नॉर्वे, ब्राझील, घाना, ओमान आणि अमेरिकेबरोबर दक्षिण दिल्लीतली मुलं होती. सुस्थितीतल्या, अंगावर पिणाऱ्या दिल्लीच्या मुलांची उंची नॉर्वेच्या मुलांच्या बरोबरीने वाढली. सुखात्म्यांचं एक म्हणणं मात्र जपून ठेवावंसं वाटतं: स्वच्छ पाण्याशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमधल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८-१९ च्या सुमारास आले. नुसते संडास, हात धुणं आणि पाणी शुद्ध करणं यांनी मुलांची उंची वाढली नाही. आहाराचा सल्ला आणि पूरक अन्न यांनी थोडी वाढली. थोडीच. एकाच बाजूने लावलेला जोर पुरत नाही, हा त्यातला धडा.

तो थोडेपणा कुठून येतो हे आईच्या ताटात दिसतं. डायान कॉफी यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार भारतात गरोदर होण्याआधीच ४२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात आणि गरोदरपणात त्यांचं वजन सरासरी सातच किलोंनी वाढतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९०च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की एकूण कॅलरींपेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याचा जन्मवजनाशी जास्त संबंध आहे. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरतं ते सून खाते, आणि बहुतेक वेळा भाजी संपलेली असते. ‘कुटुंबाचा आहार सुधारा’ असं म्हणताना कोण आधी जेवतं हा विषय वगळला तर राहिलं काय?

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा: अतितीव्र कुपोषित मुलाला, अंगणवाडीच्या भाषेत सॅमला, घरचं अन्न पुरत नाही, त्याला तयार औषधी आहारच हवा. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूतल्या चाचणीत (निष्कर्ष २०१६ मध्ये आले) देशात बनवलेल्या औषधी आहारावर ५७ टक्के मुलं बरी झाली, आणि साहित्य फुकट पुरवून घरी शिजवलेल्या अन्नावर ४३ टक्के. तेव्हा डॉक्टर बरोबर आहेत, ज्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरखाली गेलाय त्याच्यासमोर नाचणीचं कौतुक करू नये. पण त्याच चाचणीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. उपचार थांबल्यावर काही महिन्यांत दोन्हीकडची बरीच मुलं पुन्हा घसरली. पाकीट संपलं, आणि मूल त्याच दोन वेळच्या चुलीशी परतलं.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. हे बोलणं शेवटी आईच्याच डोक्यावर येऊन बसतं. पोषण महिना, पाककृती स्पर्धा, भिंतीवरची घोषवाक्यं, सगळ्यांचा रोख तिच्याकडे. झारखंड आणि ओडिशातल्या कामाने यातून वाट दाखवली आहे. तिथे बायकांच्या गटचर्चा आणि घरभेटी यांचा काही गावांत उपयोग झाला, पण जिथे त्यांच्या जोडीला तीन वर्षांखालच्या मुलांची गावातली पाळणाघरं उघडली तिथे परिणाम जास्त ठळक होते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ने अशी फुलवारी केंद्रं चालवली आणि पुढे राज्य सरकारनेही तो धागा उचलला. पाळणाघरात मुलाला दिवसाची तीन खाणी वेळेवर मिळतात आणि आईची मजुरी बुडत नाही. आपली अंगणवाडी चार तास चालते आणि तिथे बसून जेवण मिळतं ते तीन वर्षांच्या पुढच्यांना. ज्या वयात रेघ खाली वळते त्या वयासाठी घरी न्यायचं पाकीट आहे, जे अनेकदा शेळी खाते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी अशी तरतूद केली गेली. ती किती कामांवर पाळली गेली ते कामावर जाणाऱ्या कुणालाही विचारावं.

दरवर्षी पावसाळा सरला की बीड, जालना, नगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. ऊसतोडीत मजूर मोजतात तो कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, म्हणजे बाईचे पुढचे पाच-सहा महिने आधीच विकले गेलेले असतात. पहाटे अंधारात फडात जायचं, तोड झाली की मोळ्या बांधून गाडी भरायची. कोपीत किंवा फडाच्या कडेला झोळीत ठेवलेल्या मुलाला दहा आणि एकची वाटी तिने कधी भरवायची? शाळकरी मुलांसाठी गावाकडे वसतिगृहं निघाली आहेत, ती चांगली गोष्ट. सव्वा वर्षाचं मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याच्यासाठी तळावर पाळणाघर लागतं, दोन बायकांचा पगार लागतो, शिजवायला सामान आणि वजनाचा काटा लागतो, आणि हा खर्च कारखान्याने उचलायचा की राज्याने की दोघांनी, हे गाळप परवाना देतानाच कागदावर लिहून घ्यावं लागतं.